तासगावहून कुठलं कॉलेज? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

बारावीचा निकाल लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रंग बदलतो. एरवी कुणी नोकरीबद्दल विचारतं, कुणी परीक्षेच्या भीतीबद्दल. या दिवसांत मात्र प्रश्न एकच असतो, ‘कुठं घालू?’ यंदा तासगाव, पलूस, विटा, कवठेमहांकाळ या बाजूची पत्रं जास्त आली, म्हणून हे सदर त्याच भागासाठी. मी सांगलीत रसायनशास्त्र शिकवलं, प्रवेश समितीच्या टेबलावर बसले, नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या राष्ट्रीय मूल्यांकन परिषदेच्या, फायली तयार केल्या. त्यामुळे कॉलेजची दर्शनी बाजू कशी रंगवली जाते आणि आत काय असतं, हे दोन्ही जवळून पाहिलं आहे. उत्तरं त्या अनुभवातून देते आहे.

प्रश्न : मुलीला बारावी विज्ञानला ७४ टक्के पडले. तिला केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. करायचं आहे. घरापासून तासगावचं पद्मभूषण डॉ. वसंतरावदादा पाटील महाविद्यालय जवळ. सांगलीचं विलिंग्डन नावाजलेलं. पाहुणे म्हणतात कोल्हापूरला राजारामला घाला, नाहीतर सरळ पुण्याला पाठवा. आमची द्राक्षबाग आहे आणि गेली दोन वर्षं हातात फारसं राहिलेलं नाही. काय करावं? – एक वडील, तासगाव तालुका

तुम्ही लिहिलेली कॉलेजं परंपरेनं चांगलीच आहेत. विलिंग्डन १९१९ साली सुरू झालं. पुण्याचं फर्ग्युसन चालवणारी डेक्कन एज्युकेशन सोसायटीच ते चालवते. कोल्हापूरचं राजाराम १८८० चं, आज शासकीय. एकोणिसाव्या शतकात मराठीतून रसायनशास्त्र लिहिणारे बाळाजी प्रभाकर मोडक तिथं शिकवत. तासगावचं कॉलेज बापूजी साळुंखे यांच्या स्वामी विवेकानंद शिक्षण संस्थेचं, खेड्यातल्या मुलांच्या दारात शिक्षण नेण्याच्या विचारातून उभं राहिलेलं. आणि पाहुण्यांना एक गोष्ट जरूर सांगा. यातलं पुणे सोडलं तर बाकी तिन्ही ठिकाणी पदवी मिळणार ती शिवाजी विद्यापीठाचीच. कॉलेज स्वायत्त असेल तर अभ्यासक्रम आणि परीक्षा त्याच्या हातात असतात, पण पदवी प्रमाणपत्रावर नाव विद्यापीठाचंच येतं.

मग फरक कशात पडतो? शिकवायला कोण आहे, यात. मुलीला कॉलेज शिकवणार नाही, केमिस्ट्रीचा विभाग शिकवणार आहे. एकाच कॉलेजात वनस्पतिशास्त्राचा विभाग भरलेला असतो आणि भौतिकशास्त्रात एक पूर्णवेळ प्राध्यापक सगळा डोलारा सांभाळत असतो. बेदाण्याच्या सौद्यात तुम्ही बॉक्सवरचं नाव वाचून भाव ठरवत नाही, दाणा हातात घेऊन बघता. इथंही तेच करा.

विभागात गेलात की तीन गोष्टी विचारा : मंजूर पदं किती, त्यातली भरलेली किती, आणि तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या हिशेबानं (सीएचबी), किती जण शिकवतात. आपल्याकडे प्राध्यापक निवृत्त होतात आणि त्यांची जागा वर्षानुवर्षं रिकामी राहते. ती पोकळी सीएचबीवाले भरून काढतात. त्यांच्याबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे. प्राध्यापकपदासाठीची नेट-सेट परीक्षा पास झालेली, पीएच.डी. केलेली ही मुलंमुली तासावर पैसे घेतात, सकाळी एका कॉलेजात आणि दुपारी दुसऱ्या गावात शिकवतात, आणि पुढच्या वर्षी आपण असू की नसू हे त्यांना ठाऊक नसतं. अन्याय होतो तो आधी त्यांच्यावर. पण त्याची झळ विद्यार्थ्यांनाही बसते. ऑर्गॅनिकमधली एखादी रिअ‍ॅक्शन अडली म्हणून मुलगी दुपारी तीन वाजता स्टाफरूममध्ये जाते, तेव्हा सर पुढच्या गावच्या एसटीत बसलेले असतात. विभागात निदान दोन-तीन माणसं दिवसभर हजर असणारी हवीतच. हा माझा पहिला निकष, आणि तो मी कुठल्याही रँकिंगच्या वर ठेवते.

हे विचारायला संकोच वाटत असेल तर आणखी एक वाट आहे. नॅकसाठी प्रत्येक कॉलेज स्वयंमूल्यांकन अहवाल तयार करतं आणि तो संकेतस्थळावर टाकतं. त्याला एसएसआर म्हणतात. गेल्या काही वर्षांतल्या अहवालांत दुसऱ्या निकषाखाली २.४.१ या क्रमांकावर मंजूर पदांच्या तुलनेत पूर्णवेळ शिक्षक किती टक्के आहेत, ते पाच वर्षांचं वर्षवार दिलेलं असतं. हा आकडा सगळ्या कॉलेजचा असतो, एका विभागाचा नसतो. तरी त्यावरून हवा कळते. मुलीलाच मोबाइलवर शोधायला सांगा, तिलाही सवय होईल.

यानंतर मुलीला घेऊन प्रत्यक्ष जा. रविवारी किंवा सुट्टीत नको. प्रॅक्टिकल चालू असेल अशा दिवशी, अकरा ते चारच्या दरम्यान. प्रवेशाच्या गडबडीत प्रॅक्टिकल सुरू नसतील तर किमान प्रयोगशाळा उघडून दाखवा म्हणावं. चांगला विभागप्रमुख आनंदानं दाखवतो. टायट्रेशनच्या टेबलाशी उभं राहा आणि एका ब्युरेटवर (द्रावण थेंबाथेंबानं सोडायची नळी) किती मुलं असतात ते तिथल्या मुलांना विचारा. एक किंवा दोन असतील तर हात बसतो. चार असतील तर एक जण करतो, एक लिहितो आणि दोघं रीडिंग उतरवून घेतात. त्या दोघांचं जर्नल पूर्ण होतं, सही होते, परीक्षेत मार्कही पडतात, पण गुलाबी रंगाचा तो शेवटचा थेंब कुठं थांबवायचा हे त्यांच्या बोटांना कधी कळत नाही. पुढे औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये मुलाखतीला गेल्यावर नेमकं तेच विचारतात.

महागड्या उपकरणापाशीही थांबा. स्पेक्ट्रोफोटोमीटर किंवा तसलं काही काचेच्या केबिनमध्ये दाखवतील. त्याच्या शेजारी वापराची नोंदवही असते. तिच्यातली शेवटची नोंद कधीची आहे आणि नोंदीत विद्यार्थ्यांची नावं आहेत का, एवढं बघा. शिकवत होते तेव्हा दुसऱ्या कॉलेजात परीक्षक म्हणून गेले की मी सगळ्यात आधी हीच वही मागत असे. वहीची पानं भरलेली असली की त्या विभागाबद्दल निम्मं समाधान तिथंच होई.

आता पैसे आणि वेळ. अनुदानित तुकडीतली बी.एस्सी. सगळीकडे परवडणारी असते. त्याच कॉलेजात विनाअनुदानित तुकडीही असू शकते आणि तिची फी बरीच जास्त असते. अर्ज भरताना कुठली तुकडी ते नीट वाचा. तासगाव ते सांगली एसटीनं तासाभराचं अंतर. विद्यार्थ्यांच्या मासिक पासावर ६६.६७ टक्के सवलत मिळते, म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्साच भरायचा. त्यामुळे सांगलीचा खर्च झेपण्यासारखा आहे. प्रॅक्टिकल पाचला सुटलं तर तुमच्या गावाकडे शेवटची गाडी किती वाजता, हे मात्र आधी पाहा. मुक्कामी गाडी चुकेल म्हणून प्रयोग अर्धा टाकून पळणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि दोष त्यांचा नसायचा. कोल्हापूर म्हटलं की रोजचं जाणंयेणं होत नाही. वसतिगृह मिळालं तर ठीक, नाहीतर कॉट बेसिसवर खोली आणि मेस. राजारामची फी कमी असली तरी राहण्याखाण्याचा खर्च फीच्या कितीतरी पट होतो. पुण्यात तर विचारूच नका.

माझा सल्ला असा. तासगावच्या विभागात माणसं पुरेशी असतील आणि केमिस्ट्री मेजर, म्हणजे मुख्य विषय, म्हणून शेवटच्या वर्षापर्यंत चालवतात याची खात्री झाली, तर मुलीला तिथंच घाला. रोजचे वाचलेले दोन तास फार मोलाचे असतात. खात्री झाली नाही तर पास काढून विलिंग्डनला पाठवा. कोल्हापूरसाठीचा पैसा आत्ता खर्चू नका. एम.एस्सी.साठी शिवाजी विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात जायचं ठरवा आणि पैसा तेव्हासाठी राखून ठेवा, कारण उपकरणांवर खरं काम तिथं करायला मिळतं. ७४ टक्के हे चांगले मार्क आहेत. पाहुण्यांच्या बोलण्यानं मुलीला ते कमी वाटायला लागले असतील, तर आधी ती गोष्ट सावरा.

प्रश्न : मुलाला एमएचटी-सीईटीत ८२ पर्सेंटाइल मिळाले. वालचंद मिळेल का? नाही मिळालं तर जवळचं खासगी इंजिनिअरिंग कॉलेज घ्यावं की बीसीएस करावं? एका कॉलेजचे लोक घरी येऊन गेले. शंभर टक्के प्लेसमेंट आहे, आत्ताच थोडे पैसे भरून जागा धरा म्हणाले. – एक आई, विटा

आधी पैसे भरू नका. बाकीचं त्यानंतर बोलू.

८२ पर्सेंटाइल म्हणजे ८२ टक्के मार्क नव्हेत. परीक्षा दिलेल्या शंभरातले साधारण ८२ जण आपल्या मुलाच्या बरोबरीनं किंवा मागे आणि १८ जण पुढे, एवढाच त्याचा अर्थ. सांगलीचं वालचंद १९४७ चं, अनुदानित आणि २००७ पासून स्वायत्त. कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चं. या दोन्हींसाठी सगळ्या महाराष्ट्रातून चुरस असते. कॉम्प्युटरसारख्या शाखेला तिथं ८२ वर खुल्या प्रवर्गातून आशा धरून बसू नका. प्रवर्गाप्रमाणे आणि शाखेप्रमाणे चित्र बदलतं. म्हणून सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरची गेल्या वर्षीची कटऑफ यादी उघडून आपला प्रवर्ग, आपली शाखा आणि फेरी, या तिन्हींचा आकडा स्वतः पाहा. कॉलेजच्या माणसानं तोंडी सांगितलेला कटऑफ कागदावर लिहून घेण्याच्या लायकीचाही नसतो.

वालचंद-कराड सोडून आपल्या भागात चांगले पर्याय आहेत. वाळवा तालुक्यात साखराळ्याला राजारामबापू इन्स्टिट्यूट आहे, कोल्हापुरात केआयटी आहे, इचलकरंजीला डीकेटीई आहे. डीकेटीईच्या टेक्सटाइल शाखेचं मी आवर्जून नाव घेते. यंत्रमागाच्या गावात टेक्सटाइल शिकणं म्हणजे कारखाना दारातच. तरीही सगळे कॉम्प्युटरमागे धावतात आणि या शाखेकडे बघतही नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. प्रत्येक ठिकाणी शाखेला एनबीएची, म्हणजे तांत्रिक अभ्यासक्रम तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे का ते बघा. ही मान्यता अख्ख्या कॉलेजला मिळत नाही, एकेका अभ्यासक्रमाला मिळते आणि तिला मुदत असते. ‘आमचं कॉलेज एनबीए आहे’ असं कुणी म्हणालं तर विचारा : कुठली शाखा आणि कुठल्या वर्षापर्यंत?

आता शंभर टक्के प्लेसमेंट. हा आकडा बहुतेक वेळा ‘पात्र’ किंवा ‘इच्छुक’ विद्यार्थ्यांपैकी काढलेला असतो. ज्यांचे विषय राहिले ते पात्र नाहीत, ज्यांनी नाव नोंदवलं नाही ते इच्छुक नाहीत, मग उरलेले शंभर टक्के. यावर एक उपाय आहे. केंद्राच्या एनआयआरएफ रँकिंगमध्ये भाग घेणारं कॉलेज आपली माहिती संकेतस्थळावर टाकतं. त्या तक्त्यात चार रकाने शोधा : पहिल्या वर्षाला किती मुलं आली, ठरलेल्या मुदतीत किती जण पास झाले, त्यातल्या किती जणांना नोकरी लागली, आणि त्यांच्या पगाराची मध्यक रक्कम किती. सरासरी पगार एकदोन मोठ्या ऑफरनी फुगतो, मध्यक रक्कम फुगत नाही. पहिल्या रकान्यात १२० आणि दुसऱ्यात ७० असेल, तर उरलेली ५० मुलं कुठं अडकली हा प्रश्न त्या घरी आलेल्या लोकांना विचारा. कॉलेजनं रँकिंगमध्ये भागच घेतला नसेल तर शेवटच्या वर्षाच्या चार मुलांशी गेटबाहेर चहाच्या टपरीवर बोला. ती खरं सांगतात.

पैसे आधी भरायचे नाहीत, याचं कारणही सांगते. महाराष्ट्रात कॅपिटेशन फी घ्यायला १९८७ पासून कायद्यानं बंदी आहे. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर कॉलेजनिहाय बघता येते. शिवाय व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतलात तर राजर्षी शाहू महाराज शुल्क योजनेसारख्या सवलती मिळत नाहीत. त्या केंद्रीभूत फेरीतून, म्हणजे कॅपमधून आलेल्यांनाच असतात. फी निम्मी होण्याची संधी एका घाईच्या सहीत जाते.

कॅपचा पसंतीक्रम भरताना पहिल्या क्रमांकावर तेच लिहा, जे मिळालं तर दुसरं काही नको. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली की ती जागा आपोआप गोठते आणि पुढच्या फेऱ्या बंद होतात. नियमांत दरवर्षी बारीक बदल होतात, म्हणून त्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय ‘सबमिट’ दाबू नका, आणि कॅफेवाल्याला लॉगिन देऊन घरी येऊ नका.

राहिलं बीसीएस. आपल्या विद्यापीठात बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स एन्टायर या नावानं चालणारा हा अभ्यासक्रम बऱ्याच कॉलेजांत विनाअनुदानित आहे. तरीही इंजिनिअरिंगपेक्षा तो पुष्कळ स्वस्त पडतो आणि पुढे एमसीए किंवा एम.एस्सी. करता येतं. बीसीए मात्र २०२४-२५ पासून तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीईच्या कक्षेत आलं आणि त्याला सीईटी लागू झाली, हे ध्यानात ठेवा. गणित आवडत असेल, तासन्‌तास स्क्रीनसमोर बसून चूक शोधण्याची चिकाटी असेल, तर दुय्यम कॉलेजातल्या दुय्यम शाखेपेक्षा चांगल्या विभागातलं बीसीएस मी केव्हाही वर ठेवीन. पण ताई, तुमच्या दोन पानी पत्रात मुलाला काय आवडतं याचा एक शब्द नाही. आज रात्री जेवताना त्याला विचारा आणि तो बोलेपर्यंत मध्ये बोलू नका.

प्रश्न : नॅकची ए++, बी++ ही श्रेणी बघून कॉलेज निवडलं तर चालेल का? – एक विद्यार्थिनी, पलूस

एकट्या श्रेणीवर निवडू नकोस. ही श्रेणी ४ पैकी गुणांवर ठरत आली आहे : ३.५१ च्या पुढे ए++, ३.२६ ते ३.५० ए+, ३.०१ ते ३.२५ ए, २.७६ ते ३.०० बी++. मुदत साधारण पाच वर्षांची. म्हणजे कमानीवरच्या फलकावरचं अक्षर कुठल्या वर्षाचं आहे, हे आधी बघायचं. ती अख्ख्या कॉलेजची असते आणि तिच्यात संशोधन, ग्रंथालय, प्रशासन, परिसर असं सगळं मोजलं जातं. तालुक्याच्या कॉलेजात चांगलं शिकवत असले तरी संशोधनाचे गुण कमी पडतात, त्यामुळे बी++ पाहून नाक मुरडू नकोस. आणि शिवाजी विद्यापीठाला ए++ आहे म्हणून त्याच्याशी संलग्न प्रत्येक कॉलेज तसंच, असंही नाही. विद्यापीठाचं मूल्यांकन वेगळं, कॉलेजचं वेगळं. तुझ्या विषयाच्या विभागाबद्दल काय विचारायचं, ते पहिल्या उत्तरात सविस्तर लिहिलं आहे.

प्रश्न : अतिग्र्याचं संजय घोडावत विद्यापीठ, साताऱ्याचं कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ आणि आपलं शिवाजी विद्यापीठ, यात काय फरक? मला बी.टेक. करायचं आहे, वडिलांचं उत्पन्न कमी आहे. कुठं गेल्यावर मुलींची फी माफ होते? – एक विद्यार्थिनी, कवठेमहांकाळ

तुझा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. हा फरक न कळल्यामुळे पोरींचं नुकसान होताना दिसतं.

शिवाजी विद्यापीठ १९६२ चं, राज्य शासनाचं सार्वजनिक विद्यापीठ. कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांतली कॉलेजं त्याच्याशी जोडलेली. साताऱ्याचं कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ २०२१ चं. तेही सार्वजनिकच, पण समूह विद्यापीठ. रयत शिक्षण संस्थेची छत्रपती शिवाजी कॉलेज, यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ कॉलेज ऑफ कॉमर्स ही साताऱ्यातली तीन कॉलेजं एकत्र येऊन ते झालं. नाव नवं म्हणून त्याला खासगी समजू नकोस. कर्मवीरांची ‘कमवा आणि शिका’ योजना याच मातीतली आहे. कला, वाणिज्य किंवा विज्ञान करायचं असतं तर मी तुला आधी तिकडं बघ म्हटलं असतं.

संजय घोडावत विद्यापीठ २०१७ पासूनचं राज्य खासगी विद्यापीठ. सांगली-कोल्हापूर रस्त्यावर अतिग्र्याला आहे. अभ्यासक्रम, परीक्षा, पदवी सगळं त्यांचं. पदवी कायदेशीर असते, त्याबद्दल शंका नको. शिवाय भारती विद्यापीठ, कोल्हापूरचं डी. वाय. पाटील, कराडचं कृष्णा ही अभिमत, म्हणजे केंद्रानं विद्यापीठाचा दर्जा दिलेली, विद्यापीठं आहेत.

तुझ्या दृष्टीनं कळीचा मुद्दा पुढचा. २०२४-२५ पासून राज्य शासनानं व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅपमधून प्रवेश घेणाऱ्या, ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. पण खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळली आहेत. म्हणजे एकाच संस्थेच्या नावाखाली एका बाजूला विद्यापीठ आणि दुसऱ्या बाजूला शिवाजी किंवा लोणेऱ्याच्या बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न कॉलेज असेल, तर कॉलेजला तुझी फी माफ होऊ शकते आणि विद्यापीठात पूर्ण भरावी लागू शकते. गेट जवळजवळ, नाव सारखंच. म्हणून प्रवेश अर्जावर संस्थेचा कोड क्रमांक विचार आणि तो कॅपच्या यादीत आहे का ते तपास. ‘विद्यापीठात पण स्कॉलरशिप आहे’ असं सांगतील. ती त्यांची स्वतःची असते, त्यांच्या अटींवर असते आणि पुढच्या वर्षी मार्क घसरले तर बंद होऊ शकते. लेखी मागून घे.

माफी शिक्षण आणि परीक्षा शुल्कापुरती आहे, बाकीच्या शुल्कांची तयारी ठेव. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमिलेअर ही कागदपत्रं निकालाची वाट न पाहता आत्ताच सेतूत अर्ज करून काढायला लाग. ऐन प्रवेशात तिथं रांग लागते आणि दाखल्यावाचून जागा खुल्या प्रवर्गात जाते. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज दरवर्षी नव्यानं नूतनीकरण करायचा असतो, तोही विसरू नकोस.

तुझ्या वडिलांना सांग, उत्पन्न कमी आहे म्हणून मुलीनं बी.टेक. करू नये, असे दिवस राहिलेले नाहीत.

प्रश्न : कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला आहे. शिफ्ट ड्युटी. मुक्त विद्यापीठाची पदवी स्पर्धा परीक्षेला चालते का? – एक वाचक, मिरज

चालते. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चं राज्य विद्यापीठ आहे. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची, हे यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. शिवाजी विद्यापीठाचंही दूरशिक्षण केंद्र आहे. प्रवेशापूर्वी यूजीसीच्या दूरशिक्षण मंडळाच्या संकेतस्थळावर त्या वर्षाच्या यादीत आपला अभ्यासक्रम आहे का, तेवढं बघा. कुणी दूरशिक्षणानं बी.टेक. देतो म्हणालं तर तिथून परत फिरा. शिफ्ट फिरती असेल तर अभ्यासकेंद्र घराजवळचं घेण्यापेक्षा कामाच्या वाटेवरचं घ्या, तास बुडत नाहीत.

प्रश्न : मुलाचा एका कॉलेजात प्रवेश घेतला, आता दुसरीकडे चांगली जागा मिळते आहे. पहिलं कॉलेज फी परत द्यायला आणि दहावी-बारावीची मूळ गुणपत्रकं द्यायला टाळाटाळ करतंय. – एक पालक, सांगली

मूळ गुणपत्रकं पडताळून परत द्यायची असतात, ती ठेवून घेण्याचा कॉलेजला अधिकार नाही. यूजीसीनं हे लेखी बजावलेलं आहे. फी परताव्याची परिपत्रकंही यूजीसी काढते. उदाहरणार्थ, २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण फी परत आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत केल्यास जास्तीत जास्त १००० रुपये कपात, असं ठरवलं होतं. चालू वर्षाचं परिपत्रक उतरवून घ्या. व्यावसायिक अभ्यासक्रम असेल तर सीईटी कक्षाची रद्द करण्याची तारीख वेगळी असते. ती चुकवू नका आणि प्रवेश ऑनलाइनही रद्द करा.

तोंडी भांडण करण्यात वेळ घालवू नका. प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज लिहा, परिपत्रकाची प्रत जोडा, आवक-जावक विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. बहुतेक कॉलेजं या शिक्क्यानंतर हलतात. नाहीच हलली तर त्या प्रतीसह विद्यापीठाकडे आणि यूजीसीच्या तक्रार पोर्टलवर जा. दुसरीकडच्या प्रवेशाची मुदत जवळ आली असेल तर नव्या कॉलेजला पहिल्या अर्जाची शिक्का मारलेली प्रत दाखवून मूळ कागदपत्रांसाठी लेखी मुदत मागा. तशी मुदत देतात, फक्त ती प्रवेशाची मुदत संपायच्या आत मागावी लागते.